अठराव्या वर्षी 'मुक्त' केलेली मुलं आणि वाईट संगतीची भाकडकथा

अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहातून मुलाला बाहेर काढतात. सरकारी कागदात याला 'मुक्त करणे' असं म्हणतात. शब्द नीट ऐका. मुक्त कैद्याला करतात, आणि सुटलेला कैदी निदान स्वतःच्या घरी जातो. या मुलाला कुणाच्या घरी मुक्त केलं? रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे तारीख पडते. हातात कपड्यांची पिशवी, शाळा सोडल्याचा दाखला आणि नशीब बरं असेल तर आधार कार्ड. आधारवरचा पत्ता त्याच बालगृहाचा, जिथे उद्यापासून त्याला रात्रीचं राहता येणार नाही.

वर्ष-दोन वर्षांनी तोच मुलगा अंधेरी स्टेशनबाहेर, बोरिवलीच्या स्कायवॉकखाली नाहीतर घाटकोपरला एखाद्या बंद गाळ्याच्या ओट्यावर झोपलेला सापडतो. मग त्याच्याविषयी एकच वाक्य बोललं जातं, "संगत वाईट लागली." अधिकारी बोलतात, संस्थाचालक बोलतात, पोलीस तर बोलतातच. त्याचं मला नवल नाही. पण मागे एका बैठकीत आपल्याच एका कार्यकर्त्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलं, तेही मिलिंद-नागसेनच्या गोष्टी सांगणाऱ्या, चळवळीत केस पांढरे झालेल्या माणसाच्या तोंडून. म्हणून हा लेख लिहावा लागतो आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना 'यांची वस्तीच तशी' म्हणून गावकुसाबाहेर ठेवलं गेलं, त्यांनी 'यांची संगतच तशी' हे वाक्य उच्चारण्याआधी दहादा विचार करायला हवा.

मुंबईत माणूस जगतो कशावर? पगारावर म्हणाल, पण तो नंतर. आधी ओळखीवर. पहिली नोकरी कुणी लावली हे तुमच्या वडिलांना विचारा. मामाने, गाववाल्याने, चाळीतल्या कुणा दादाने मुकादमाला सांगून. पहिली रात्र कुठे काढली? कुणाच्या तरी खोलीत, दारापाशी. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आपली माणसं घाटकोपर, विक्रोळी, मानखुर्दला उतरली तेव्हा खिशात काय होतं? कुणा नातलगाचा अर्धवट पत्ता होता. त्या पत्त्यावर पत्र्याची झोपडी पडली, झोपडीशेजारी झोपडी पडली, आणि पाच-दहा वर्षांत तिथे पंचशील ध्वज लागला. दारिद्र्य होतंच, पण माणूस एकटा नव्हता. ११ जुलै १९९७ ला रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळ्या घातल्या, १० माणसं मारली. त्यांच्यासाठी अख्खी वस्ती उभी राहिली, राज्यभर माणसं रस्त्यावर आली, वर्षानुवर्षे न्यायालयात लढली. आता कुर्ल्याच्या फलाटावर झोपलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला दंडुक्याने मारलं, तर त्याच्यासाठी कोण रस्ता अडवणार? त्याचं नाव तरी कुणाला ठाऊक आहे?

समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. बूर्दियाने सांगितलं की पैशासारखंच नातंगोतं, ओळखपाळख हेही भांडवल असतं आणि तेही वारशाने मिळतं. बाबासाहेबांनी त्याआधी कितीतरी वर्षे, १९३६ मध्येच, 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये याची भारतीय जात दाखवून दिली होती. हिंदूची सहानुभूती, त्याचा दानधर्म, त्याची जबाबदारीची जाणीव सगळं त्याच्या जातीपाशी सुरू होतं आणि जातीपाशीच संपतं, असा त्यांचा आरोप होता. ज्याला जातच ठाऊक नाही, किंवा ज्याची जात ठाऊक असलेला माणूस उरला नाही, त्याच्या वाट्याला या देशात कुणाची सहानुभूती येणार? वाढदिवसाला केक घेऊन येणाऱ्या साहेबांची. ती अर्धा तास टिकते, फोटो निघेपर्यंत.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा एक प्रसिद्ध निबंध आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नोकरीची बातमी आपल्याला बहुतेक वेळा जिवलग मित्राकडून मिळत नाही, कारण तो आपल्यासारखाच असतो, त्याला जे माहीत ते आपल्याला आधीच माहीत असतं. ती मिळते लांबच्या ओळखीच्या माणसाकडून. आता हे बालगृहाला लावून बघा. मुलगा तिथे वाढतो कसा? बहीण-भाऊ एकत्र आले तर मुलगा एका संस्थेत, मुलगी दुसऱ्या संस्थेत. वय वाढलं की बदली. काळजीवाहक कंत्राटी, आज आहेत, उद्या नाहीत. समाजकार्याचे विद्यार्थी येतात, फील्डवर्क संपलं की जातात. बाहेर एकट्याने जायचं नाही, फोन बाळगायचा नाही, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. शिस्त म्हणून यातली एकेक गोष्ट समजण्यासारखी आहे, पण सगळ्या मिळून त्या मुलाचा एकेक धागा कापत जातात. दहा-बारा वर्षे राज्याने पद्धतशीरपणे त्याच्या ओळखी तोडल्या. अठराव्या वाढदिवसाला त्याला बाहेरचं कोण ओळखतं? फक्त गेल्या वर्षी बाहेर पडलेले दोन-चार दोस्त. आणि ते कुठे आहेत? रस्त्यावर, कॅटररच्या गोदामात, किंवा साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यात मशीनखाली झोपलेले.

तो त्यांच्याकडे जातो. तुम्ही कुठे गेला असता?

या दोस्तांविषयी मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण 'वाईट संगत' म्हणजे हेच. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड, या दोन्ही लाइनींवर मी काही वर्षे रात्री फिरते. ही पोरं एकमेकांना जे देतात ते कुठलीही योजना देत नाही. एकाला लग्नाच्या हॉलवर वाढप्याचं काम मिळालं की तो ठेकेदाराला सांगून तिघांना घेऊन जातो. काळी पँट एकच असते, ती आळीपाळीने घालतात. एकाच्या नावावरचं सिम चौघे वापरतात. कुणाला ताप आला तर रात्रभर जागून सकाळी ओपीडीच्या रांगेत उभे राहतात, आणि केसपेपरवर 'नातेवाईक' म्हणून स्वतःचं नाव लिहितात. खोटं असतं ते, कागदापुरतं.

आणि याच दोस्तांतून धोकाही येतो, हे नाकारायचं कारण नाही. शिफ्ट मिळवून देणाराच पहिली नशा हातात ठेवतो. चौघांच्या सिमवरून एकाने काही उद्योग केला की पोलीस चौघांना उचलतात. झोपायला जागा देणारा कधीतरी त्या जागेची किंमत मागतो, आणि ती नेहमी पैशातच मागतो असं नाही. मुलग्यांच्या बाबतीतही नाही. आधार आणि धोका एकाच हातातून येतो. म्हणून 'ती संगत सोड' असा उपदेश करणारा माणूस त्या मुलाला प्रत्यक्षात काय सांगत असतो? तुझ्याकडे चार माणसं आहेत, त्यांनाही सोड, आणि शून्यावर ये. कुठला शहाणा मुलगा हे ऐकेल? धोका त्या चार दोस्तांत जेवढा आहे त्याहून जास्त, त्या चारांपलीकडे पाचवा माणूस नसण्यात आहे. पाचवा असता, समजा बँकेत शिपाई असलेला, नाहीतर बेस्टमध्ये कंडक्टर असलेला कुणी, तर त्या चौघांपैकी एखाद्याला 'नाही' म्हणण्याची ताकद त्याच्यात आली असती. ज्याला दुसरीकडे जायला जागा आहे, तोच 'नाही' म्हणू शकतो.

मुलींचं तर आणखी वेगळं. त्यांचं 'पुनर्वसन' बऱ्याचदा लग्न लावून केलं जातं. स्थळ येतं, चौकशी होते, मंगल कार्यालयात सोहळा होतो, मान्यवर अक्षता टाकतात. कागदावर प्रकरण बंद. त्या मुलीच्या आयुष्यातलं एकमेव नातं आता तो नवरा. त्याने मारलं तर ती कुठे जाईल? तिला माहेर नाही. माहेर म्हणजे काय हे आपल्या बायकांना विचारा. नवऱ्याने हात उगारण्याआधी त्याच्या मनात सासऱ्याचा, मेव्हण्याचा चेहरा येतो, तो चेहरा म्हणजे माहेर. या मुलीच्या मागे तसा चेहरा नाही, हे नवऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

आता कायद्याकडे येऊ. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. व्याख्येनुसार हा आधार १८ ते २१ वयासाठी, आणि नियमांनुसार अपवाद म्हणून २३ पर्यंत. पण कलम ४६ ची भाषा पाहा. संस्था सोडणाऱ्याला आर्थिक साहाय्य 'देता येईल'. 'द्यावेच लागेल' असं नाही. सगळी मेख या क्रियापदात आहे. सरकारने ठरवलं तर देईल, नाही ठरवलं तर मुलाला दाद मागायला आधारच कच्चा. मिशन वात्सल्यच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये लिहिले आहेत. ४,००० रुपयांत अंधेरीत काय येतं? खोली विसरा. खाटेचं भाडं भागलं तर जेवण नाही. शिवाय डिपॉझिट, दलालाची एका महिन्याची दलाली, भाडेकरारावर सही करणारा माणूस, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद. पैसे उभे केले तरी जामीन राहणारा माणूस कुठून आणायचा? पुन्हा ओळखच आडवी येते.

अठरा हा आकडा तरी कुठून आला? मतदानाचं वय म्हणून ठीक आहे. पण तुमच्या इमारतीत अठराव्या वर्षी आईबापाचं घर सोडून स्वतःच्या हिमतीवर मुंबईत राहणारे किती आहेत? पंचविशीतला इंजिनिअर आईच्या हातचा डबा नेतो, ते संस्कार. आईबाप नसलेल्याने मात्र अठराव्या वर्षी स्वावलंबी व्हायचं. इंग्लंडने २०१७ च्या कायद्याने अशा तरुणांना हवा असल्यास पंचविशीपर्यंत एक ठरलेला सल्लागार देण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. अमेरिकेत इलिनॉय, विस्कॉन्सिन आणि आयोवा या तीन राज्यांत पालक-कुटुंबातून आणि संस्थांतून बाहेर पडलेल्या तरुणांचा अनेक वर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास झाला. त्यातल्या ३१ ते ४६ टक्के तरुणांना वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत किमान एकदा बेघर व्हावं लागलं होतं. म्हणजे श्रीमंत देशही यात नापासच आहेत. पण नापास झालो हे त्यांना मोजल्यामुळे कळलं. आपण मोजतच नाही. उदयन केअर या संस्थेने २०१९ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या अशा तरुणांचा अभ्यास केला, तोही स्वयंसेवी क्षेत्रातून झाला. खात्याने स्वतः सोडलेल्या मुलांचा माग खात्याने ठेवायला नको?

या शहरात निवाराही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार दर १ लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारागृह हवं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारागृहं. त्याच जनगणनेने मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले. महापालिकेची निवारागृहं त्या सव्वाशेच्या जवळपासही नाहीत. मग काय आहे? १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याच्या मुख्य तरतुदी दिल्लीपुरत्या रद्द केल्या, मुंबईत मात्र तो अजून चालू आहे. मानखुर्दच्या बालगृहापासून चेंबूरचं भिक्षेकरी स्वीकार केंद्र फार लांब नाही आणि दोन्ही महिला व बालविकास विभागाच्याच अखत्यारीत येतात. सतरा वर्षांचा असताना ज्याचं 'संरक्षण' केलं त्यालाच एकोणिसाव्या वर्षी 'उपद्रव' म्हणून गाडीत घालायची सोय एकाच खात्यापाशी आहे.

महाराष्ट्रात पालकाविना वाढणाऱ्या मुलांसाठी जी योजना आहे तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असं नाव आहे. दरमहा २,२५० रुपये, तेही अठरापर्यंतच. सावित्रीबाईंचं नाव देणाऱ्यांनी सावित्रीबाईंनी काय केलं ते एकदा वाचावं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत, त्याला त्यांनी दत्तक घेतलं. वाढवलं, शिकवलं, डॉक्टर केलं. जोतीरावांनी १८८७ च्या इच्छापत्रात त्याला वारस केलं. १८८९ मध्ये सत्यशोधक पद्धतीने त्याचं लग्न लावलं. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांना ज्या दवाखान्यात नेत होत्या, तो याच यशवंताचा होता. अनुरक्षण म्हणतात ते हे. नाव सावित्रीबाईंचं आणि हिशेब अठराव्या वर्षी बंद, हे चालणार नाही.

आता आपल्यातल्याच दोन आक्षेपांकडे वळते, कारण बाहेरच्यांना शिव्या देणं सोपं असतं.

पहिला आक्षेप थोडा तात्त्विक आहे: अनाथाला जात नसते, तो तर जातिमुक्त माणूस, बाबासाहेबांना हवा होता तसा. ऐकायला गोड आहे. प्रत्यक्षात त्याची जात गेलेली नसते, जातीचा दाखला गेलेला असतो. घरमालक 'आडनाव काय' विचारायचं थांबत नाही. संस्थेने दिलेलं आडनाव सांगितलं की 'मूळचे कुठले' असा पुढचा प्रश्न येतो. भेदभाव पुरा भोगायचा आणि त्यावरचं संरक्षण मात्र मागता यायचं नाही, कारण अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीपासूनचा बापाकडचा पुरावा लागतो. रेल्वे स्टेशनात सापडलेल्या मुलाने तो आणायचा कुठून? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सोपाकाची कथा आहे. श्रावस्तीच्या स्मशानात जन्मलेला, स्मशानाच्या राखणदाराने आपल्या सुप्पियासोबत वाढवलेला अस्पृश्य मुलगा. तो संघात यायला निघाला तेव्हा सात वर्षांचा होता, म्हणून तथागतांनी बापाची संमती आणायला सांगितली. सोपाक त्या राखणदाराला घेऊन आला. तथागतांनी त्याला बाप मानलं, रक्ताचा पुरावा मागितला नाही. आपल्या तहसील कार्यालयात सोपाक गेला असता तर अजून रांगेत उभा असता.

दुसरा आक्षेप रोखठोक आहे: अनाथ आरक्षण आमच्या हिश्शात वाटेकरी आहे. अमृता करवंदे या तरुणीने कागदाअभावी वाट अडल्यावर सरकारकडे दाद मागितली, आणि २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण दिलं. समांतर आरक्षण आडवं असतं, दिव्यांग किंवा महिलांसारखं. अनुसूचित जातींच्या टक्क्यातून ते काढून घेतलेलं नाही. आणि क्षणभर थांबून विचार करा, बालगृहात येतं कोण? मलबार हिलवरच्या आईबापांचं मूल मागे राहिलं तर काका, मामा, ट्रस्ट, वकील धावून येतात. बालगृहात येतं ते नाक्यावरच्या मजुराचं, कचरा वेचणाऱ्या बाईचं, भटक्या पालातलं, सिग्नलवरून उचललेलं. माझ्या अनुभवाने सांगते, यातली फार मोठी संख्या आपलीच आहे. कागदावर तसं लिहिलेलं नाही, एवढंच. शिवाय आरक्षण परीक्षेपर्यंत पोहोचणाऱ्याला मिळतं. ज्याला अभ्यासाला दिवा नाही आणि पाठ टेकायला जागा नाही, त्याला त्या १ टक्क्याचं काय करायचं?

आपण काय करतो? १४ एप्रिलला बालगृहात वह्या आणि केळी वाटतो. बाबासाहेबांनी वह्या वाटल्या नव्हत्या. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि १९२५ च्या सुरुवातीलाच सोलापुरात वसतिगृह उघडलं. खेड्यातल्या पोराला शहरात छप्पर आणि चार भावंडं मिळाली तर तो टिकतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आपल्याकडे आज जे आहे ते त्यांच्याकडेही नव्हतं. उपनगरातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तीत एक विहार आहे. बँकेत, रेल्वेत, महापालिकेत, एलआयसीत, शाळांत आपले कर्मचारी आहेत, त्यांच्या संघटना आहेत. ग्रॅनोव्हेटर ज्या लांबच्या ओळखी म्हणतो, त्या आपल्यापाशी ढिगाने पडून आहेत आणि त्या आपण पाहुण्यारावळ्यांत खर्च करतो. एका विहाराने दोन मुलं घेतली, म्हणजे घरात घ्या असं म्हणत नाही, पत्त्याला पत्ता दिला, भाडेकराराला साक्षीदार दिला, बँकेत खातं काढायला माणूस सोबत दिला, रविवारच्या वंदनेनंतर जेवायला बसवलं आणि तीन वर्षे फोन उचलला, तरी त्या मुलाचा पाचवा माणूस तयार होतो. याला डीजेच्या एका रात्रीच्या भाड्याइतकाही खर्च येत नाही.

"आणि त्याने चोरी केली तर?" हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत येतो. करेलही. एखादा पैसे घेऊन पळेल, एखादा नशा करून दारात उभा राहील. तुमच्या सख्ख्या पुतण्याने केलं तर तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवता आणि परत जेवायला बोलावता. इथे तेवढाच हिशेब लावा. मुलींच्या बाबतीत मात्र अधिक काटेकोर राहावं लागेल. जबाबदारी महिला मंडळाकडेच हवी, एकट्या पुरुषाकडे नाही, आणि विहार म्हणजे दुसरी संस्था होऊन बसणार नाही हेही पाहावं लागेल.

हे करताना सरकारला सोडायचं नाही. उपनगरातल्या प्रत्येक तालुक्यातून, म्हणजे अंधेरी, बोरिवली आणि कुर्ल्यातून, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, मुंबई उपनगर यांच्याकडे माहिती अधिकाराचे अर्ज टाका. विचारा: गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यातल्या संस्थांतून अठरा पूर्ण झाल्याने किती मुलं-मुली बाहेर पडल्या? त्यातल्या कितींची वैयक्तिक काळजी योजना शेवटच्या वर्षी तयार झाली होती? कितींना अनुरक्षणाचे ४,००० रुपये मिळाले, आणि किती महिने? बाहेर पडल्यावर त्यांचा पाठपुरावा कोणत्या तारखांना झाला? कितींना अनाथ प्रमाणपत्र संस्था सोडण्याआधी हातात मिळालं? अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. अर्जांच्या पोचपावत्या जपून ठेवा, पुढच्या बैठकीला सगळ्या एकत्र लागतील.

जय भीम.